दोघांचे डावपेच, चौघांचा डाव

मेंढीकोट असो, रमी असो की ब्रिज, पत्त्यांच्या आपल्या परिचयाच्या खेळांत एक गोष्ट समान असते. कॅट एकच असतो आणि तो सर्वांचा असतो. ५२ पत्ते पिसून वाटल्यावर कोणाच्या हाती काय यावे हा योगायोगाचा भाग, आणि त्यापुढचे ज्याच्या त्याच्या कौशल्यावर. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाने नेमकी हीच गोष्ट काढून टाकली. या खेळात प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून बांधून आणतो. त्यात कोणते पत्ते घालायचे हे त्याने आधीच ठरवलेले असते. प्रतिस्पर्ध्याच्या कॅटात काय आहे हे त्याला ठाऊक नसते.

खेळाचे जनक रिचर्ड गारफिल्ड हे गणितज्ञ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी संयोजनगणितात डॉक्टरेट मिळवली आणि वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन कॉलेजात ते शिकवत होते. ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने काढलेल्या पहिल्या संचात २९५ निरनिराळे पत्ते होते. आज ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. जपानमध्ये १९९६ साली निघालेला पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ याच कुळातला. त्याचे पत्ते आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्या दप्तरांतही सापडतात. त्यामुळे ‘हा खेळ बुद्धीचा, नशिबाचा की पैशाचा?’ हा प्रश्न शिक्षकांपुढे कधी ना कधी येतोच.

या खेळाभोवती गेल्या तीस वर्षांत डावपेचांचे मोठे साहित्य उभे राहिले आहे. त्याची कसून तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. दोन खेळाडूंच्या सामन्याबद्दलचे हे ज्ञान चांगल्या उपयोजित विज्ञानाच्या तोडीचे आहे. परंतु चार खेळाडूंच्या स्पर्धेला तेच ज्ञान जसेच्या तसे लावले जाते, तेव्हा त्याचा पाया निसटतो.

कॅट बांधण्याचे गणित

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. प्रत्येक खेळाडू हा एक जादूगार असून त्याच्याजवळ आयुष्याचे २० गुण असतात. प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणले की डाव जिंकला. काही पत्ते ‘भूमी’चे असतात व त्यांच्यापासून ‘माना’ नावाची शक्ती मिळते. ही शक्ती खर्च करून प्राण्यांचे आणि मंत्रांचे पत्ते खेळायचे. सुरुवातीला हातात ७ पत्ते असतात. पुढे दर पाळीला एक पत्ता उचलता येतो आणि एका पाळीत एकच भूमी मांडता येते.

१९९३ च्या मूळ नियमांत कॅट किमान ४० पत्त्यांचा असे आणि एकाच पत्त्याच्या कितीही प्रती ठेवता येत. याचा गैरफायदा लवकरच दिसू लागला. १९९४ मध्ये स्पर्धांसाठी किमान ६० पत्ते आणि एका पत्त्याच्या जास्तीत जास्त ४ प्रती असा नियम आला. या दोन आकड्यांचा परिणाम अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला सहज काढता येईल. ६० पत्त्यांत आपल्या हव्या त्या पत्त्याच्या ४ प्रती आहेत. पहिल्या ७ पत्त्यांत त्यातली एकही न येण्याची संभाव्यता अशी :

(५३ × ५२ × ५१ × ५०) ÷ (६० × ५९ × ५८ × ५७) = ०.६०

म्हणजे निदान एक प्रत येण्याची शक्यता ४० टक्के. हेच ४० पत्त्यांच्या कॅटात काढले तर उत्तर ५५ टक्के येते. याचा अर्थ, कॅट जितका लहान तितका तो भरवशाचा. म्हणूनच मुरलेला खेळाडू ६० च्या वर एकही पत्ता ठेवत नाही. नवशिक्याला मात्र आवडता एकसष्टावा पत्ता घालण्याचा मोह आवरत नाही.

आता भूमीचे पत्ते पाहू. ६० पैकी २४ पत्ते भूमीचे असतील, तर सुरुवातीच्या ७ पत्त्यांत सरासरी २.८ भूमी येतात. परंतु सरासरीवर विसंबणे धोक्याचे. २ ते ४ भूमी येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के आहे. एकही भूमी न येणे किंवा एकच येणे याची शक्यता १४ टक्के, म्हणजे जवळजवळ सातांत एकदा, भरते. अशा वेळी नवीन हात मागण्याची सोय नियमांत आहे, पण त्यासाठी एका पत्त्याची किंमत मोजावी लागते. योगायोग नाहीसा करता येत नाही, पण त्याची किंमत आधी ठरवून ठेवता येते. या खेळातल्या डावपेचांचे मूळ येथे आहे.

तीन सूत्रे

दोघांच्या सामन्यासाठी खेळाडूंनी अनुभवातून जी सूत्रे शोधली, त्यांतली तीन महत्त्वाची आहेत.

पहिले सूत्र खर्चाच्या आलेखाचे. दर पाळीला एक भूमी मांडली तर पहिल्या चार पाळ्यांत १ + २ + ३ + ४ म्हणजे एकूण १० माना वापरता येते. हातात केवळ ४ माना खर्चाचे पत्ते असतील तर पहिल्या तीन पाळ्यांतली ६ माना फुकट जाते. १९९६ साली अटलांटा येथील एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय यांनी जे श्नायडर यांनी आखलेला एक कॅट खेळवला. त्यातले बरेचसे पत्ते एकेकटे पाहिले तर सामान्य होते, पण दर पाळीची माना पुरेपूर खर्च होईल अशी त्यांची रचना होती. या कॅटाने भारी पत्त्यांच्या कॅटांना धूळ चारली. तोपर्यंत लोक पत्त्याचे मोल पाहत होते, आता ते कॅटाचे वितरण पाहू लागले.

दुसरे सूत्र पत्त्यांच्या आघाडीचे. १९९० च्या दशकाच्या मध्यास ब्रायन वाइसमन यांच्या बचावात्मक कॅटाने ते रूढ केले. माझ्या एका पत्त्याने तुझे दोन पत्ते निकामी झाले, तर मी एका पत्त्याने पुढे आहे. एकास एक अशी अदलाबदल झाली, तर दोघे जिथल्या तिथे. हा हिशेब किराणा दुकानाच्या वहीइतका साधा आहे, म्हणूनच तो पटावर चटकन करता येतो.

तिसरे सूत्र भूमिकेचे. मायकेल फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या ‘हूज द बीटडाउन’ या गाजलेल्या निबंधाचा सारांश असा : कोणत्याही सामन्यात एकजण हल्लेखोर असतो आणि दुसरा बचाव करणारा. दोन्ही कॅट सारखेच दिसत असले तरी डाव लांबल्यावर कोणाचे पारडे जड होईल हे ओळखावे आणि त्याप्रमाणे आपली भूमिका घ्यावी. भूमिका चुकली की डाव गेला. मला हे सूत्र तिन्हींत श्रेष्ठ वाटते, कारण ते एखाद्या कॅटाचा गुण न सांगता दोन कॅटांमधला संबंध सांगते.

सर्वांत बलवान कॅट कोणता?

हा संबंधाचा विचार पुढे नेला की दगड-कागद-कात्री समोर येते. कल्पना करा की स्पर्धेत तीनच प्रकारचे कॅट आहेत. ‘अ’ हा ‘ब’ला ६० टक्के वेळा हरवतो, ‘ब’ हा ‘क’ला ६० टक्के वेळा, आणि ‘क’ मात्र ‘अ’ला ७० टक्के वेळा हरवतो. सर्वांत मोठा विजय ‘क’च्या नावावर आहे. मग स्पर्धेत सर्वाधिक खेळाडू कोणता कॅट आणतील?

बहुतेकांचे उत्तर ‘क’ असते. गणित वेगळे सांगते. ज्या प्रमाणात तिन्ही कॅटांना सारखेच, म्हणजे ५० टक्के, यश मिळेल ते प्रमाण काढले तर ‘अ’ एक चतुर्थांश, ‘ब’ निम्मे आणि ‘क’ एक चतुर्थांश असे येते. पडताळा घेऊ. ‘क’चे यश : ‘अ’विरुद्ध ०.२५ × ७० = १७.५, ‘ब’विरुद्ध ०.५० × ४० = २०, स्वतःसारख्याविरुद्ध ०.२५ × ५० = १२.५, बेरीज ५०. इतर दोघांचा हिशेब विद्यार्थ्यांनी करावा. ‘क’ बलवान आहे म्हणूनच त्याला अडवणारा ‘ब’ सर्वांत जास्त दिसतो. जीवशास्त्राच्या शिक्षकांना येथे भक्षक आणि भक्ष्य यांच्या संख्येतला समतोल आठवेल.

अशा समतोलाचा सिद्धान्त जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली दोन खेळाडूंच्या खेळांसाठी सिद्ध केला. त्यात एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याचा तेवढाच तोटा असतो. ही अट येथे महत्त्वाची आहे. वरची तिन्ही सूत्रे नकळत हीच अट गृहीत धरतात.

चौघे बसल्यावर

आज मॅजिकचा अतिशय लोकप्रिय प्रकार ‘कमांडर’ हा आहे. त्यात बहुधा चार खेळाडू असतात आणि प्रत्येकजण इतर तिघांविरुद्ध खेळतो. कॅट १०० पत्त्यांचा असतो. त्यातला एक ‘सेनापती’ बाजूला उघडा ठेवलेला असतो, आणि साध्या भूमी सोडल्यास कोणत्याही पत्त्याची एकच प्रत चालते. आयुष्याचे गुण ४०. हा प्रकार मुळात मित्रमंडळींच्या बैठकीसाठी निघाला. कंपनीने त्यासाठी तयार कॅट २०११ पासून विकायला आणले. पुढे त्याच्या चुरशीच्या स्पर्धाही भरू लागल्या आणि त्यांत दोघांच्या सामन्याची सूत्रे सर्रास वापरली जातात. ती तपासून पाहू.

हल्ल्याचे सूत्र घ्या. दोघांच्या सामन्यात २० गुण संपवायचे असतात. येथे तीन प्रतिस्पर्ध्यांचे मिळून ३ × ४० = १२०, म्हणजे सहापट. छोट्या प्राण्यांनी झटपट हल्ला करणारा कॅट पहिल्याला संपवेपर्यंत स्वतःच दमतो. दगड-कागद-कात्रीतला एक गडी असा जवळजवळ बाद होतो, आणि तिघांनाही एकाच फटक्यात हरवणारी पत्त्यांची साखळी शिरजोर होते.

आघाडीचे सूत्र घ्या. चौघांकडे सात-सात पत्ते आहेत. मी एक पत्ता खर्चून तुमचा एक पत्ता नष्ट केला. दोघांच्या सामन्यात ६ विरुद्ध ६, म्हणजे फिट्टंफाट. चौघांत मात्र माझे ६, तुमचे ६ आणि बाकी दोघांचे ७-७. आपण दोघे मागे पडलो आणि काहीही न करणारे दोघे पुढे गेले. तीच अदलाबदल येथे नुकसानीची ठरते. भूमिकेच्या सूत्राचीही हीच गत. एकाशी हल्लेखोराच्या नात्याने वागताना दुसऱ्यापासून बचाव करावा लागतो.

एकच प्रत ठेवण्याच्या नियमामुळे विविधता येते असे म्हटले जाते. सेनापती वगळता उरलेल्या ९९ पत्त्यांतला एखादा विशिष्ट पत्ता पहिल्या सातांत येण्याची शक्यता ७ टक्केच असते हे खरे. पण ‘डेमॉनिक ट्यूटर’सारखे पत्ते कॅटातून हवा तो पत्ता शोधून देतात. असे दहा शोधपत्ते घातले, तर मूळ पत्ता किंवा त्याला आणणारा पत्ता मिळून ११ होतात आणि पहिल्या सातांत त्यांपैकी एक तरी असण्याची शक्यता ५७ टक्के होते. चार प्रतींच्या कॅटात ती ४० टक्के होती हे आठवावे. नियमाने समोरच्या दाराने बाहेर काढलेली एकविधता मागच्या दाराने परत येते.

अडवायचे कोणी?

याहून मूलभूत अडचण वेगळीच आहे. एक खेळाडू विजयाच्या उंबरठ्यावर आहे आणि उरलेल्या तिघांकडे त्याला अडवणारा एकेक पत्ता आहे. अडवणाऱ्याचा पत्ता खर्च होतो, फायदा मात्र तिघांना. म्हणून प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने अडवावे. समाजशास्त्रात हा ‘स्वयंसेवकाचा पेच’ म्हणून ओळखला जातो.

समजा, पत्ता खर्च करण्याची किंमत १ आणि डाव हरण्याची किंमत ४. तिघेही एकमेकांना न सांगता एकाच वेळी निर्णय घेतात. प्रत्येकजण न अडवण्याची संभाव्यता ‘न’ मानू. समतोलात अडवण्याचा खर्च आणि न अडवण्याची अपेक्षित हानी सारखी हवी. इतर दोघांनीही न अडवण्याची संभाव्यता न × न आहे, म्हणून ४ × न × न = १, यावरून न = १/२. तिघेही स्वस्थ बसण्याची संभाव्यता १/८. आता अडवू शकणारे दोघेच असतील तर ४ × न = १, म्हणून न = १/४, आणि दोघेही स्वस्थ बसण्याची संभाव्यता १/१६. एकटाच असेल तर तो नक्कीच अडवेल, धोका शून्य. राखणदार वाढले तसा धोका वाढला! बारभाईच्या शेतीचा जो अनुभव आपल्या गावांना आहे, त्याचेच हे गणिती रूप होय.

प्रत्यक्ष खेळात संधी पाळीपाळीने मिळते, त्यामुळे ओझे शेवटच्यावर ढकलता येते. परंतु शेवटच्याच्या हातात अडवणारा पत्ता आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. मग सुरू होते बोलणे : विनवणी, धमकी, वचन, थाप. हे बोलणे म्हणजे डावपेचच आहेत, आणि पत्त्यांच्या हिशेबात त्यांना जागा नाही. त्यातून ज्याचा पराभव अटळ आहे असा खेळाडू उरलेल्यांपैकी कोणी जिंकावे हे ठरवू शकतो. त्याने कोणाची बाजू घ्यावी हे कोणताही नियम सांगत नाही. फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात तीन किंवा अधिक खेळाडूंसाठी युतीचा वेगळा विचार मांडला, तो अशाच कारणाने.

कौशल्य मोजायचे कसे?

अशा स्पर्धांतल्या विजेत्यांच्या कॅटांचे कौतुकाने विश्लेषण होते. येथे संख्याशास्त्राचा एक साधा प्रश्न विचारायला हवा. चौघांत सारखे कौशल्य असेल तर प्रत्येकाने चारांत एक डाव जिंकावा, म्हणजे २० डावांत ५. एखाद्याने ८ जिंकले तर तो श्रेष्ठ ठरला का? केवळ योगायोगाने ८ किंवा अधिक डाव जिंकण्याची संभाव्यता सुमारे १० टक्के आहे. म्हणजे सारख्याच कौशल्याच्या शंभर खेळाडूंत असे दहाजण निघतील. त्यांच्या कॅटांत गुपित शोधणे म्हणजे नाणेफेक जिंकणाऱ्याच्या अंगठ्याचा अभ्यास करणे. दोघांच्या सामन्यातही योगायोग असतो, पण तेथे निदान तिसऱ्याची मर्जी निकालात मिसळत नाही.

खेळाच्या सखोलतेचा पुरावा म्हणून अनेकजण २०१९ च्या एका शोधनिबंधाकडे बोट दाखवतात. अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी त्यात दाखवले की मॅजिकच्या पत्त्यांतून ट्युरिंगचे यंत्र उभे करता येते, आणि म्हणून अशा डावाचा निकाल काय लागेल हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही. सिद्धान्त सुंदर आहे, पण त्याचा डावपेचांशी संबंध जोडणे गैर. त्या रचनेत यंत्र सुरू झाल्यावर खेळाडूंच्या सर्व चाली सक्तीच्या असतात, निवडीला वावच नसतो. नियमांची गुंतागुंत आणि खेळाडूची बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पैशाचा प्रश्न

पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात व आत कोणते पत्ते निघतील हे सांगता येत नाही. दुर्मिळ पत्त्याला बाजारात भाव येतो. २०२३ मध्ये एकच प्रत छापलेला ‘द वन रिंग’ हा पत्ता सुमारे २० लाख डॉलरना विकला गेला. तो संग्राहकांचा मामला म्हणून सोडून देऊ. पण ‘माना क्रिप्ट’ हा पत्ता पाहा. तो फुकट खेळता येतो आणि दर पाळीला २ माना देतो. त्याची शिक्षा अशी की दर पाळीला नाणेफेक करायची आणि हरल्यास ३ गुण गमवायचे, म्हणजे सरासरी दीड गुण. २० गुणांच्या डावात ही शिक्षा जाणवते, ४० गुणांच्या डावात ती निम्मी होते. ज्याला हा महागडा पत्ता परवडला तो पहिल्याच पाळीला दोन पावले पुढे.

कमांडरचे नियम पाहणाऱ्या स्वतंत्र समितीने २३ सप्टेंबर २०२४ रोजी या पत्त्यासह चार पत्त्यांवर बंदी घातली. खेळाच्या दृष्टीने निर्णयाला आधार होता. परंतु पत्त्यांचे भाव कोसळले, समितीच्या सदस्यांना धमक्या आल्या, आणि आठवड्याभरात समितीने आपला अधिकार कंपनीच्या हाती दिला. नियम बदलल्यावर ज्यांचे पैसे बुडतात त्यांना नियम निर्दोष असण्यापेक्षा ते स्थिर असणे अधिक हवे असते. बुद्धिबळात उंटाची चाल बदलली तर कोणाची मालमत्ता घटत नाही. या खेळात घटते. डावपेचांच्या साहित्याने या वस्तुस्थितीकडे पाठ फिरवली आहे, आणि ही त्याची दुसरी मोठी उणीव आहे.

वर्गासाठी

याचा अर्थ हा खेळ टाकाऊ आहे असा नाही. त्यातली कल्पना वर्गात वापरण्याजोगी आहे, आणि त्यासाठी एकही पाकीट विकत घ्यावे लागत नाही. जुन्या वहीच्या ६० सारख्या चिठ्ठ्या करा, २४ चिठ्ठ्यांवर ‘भू’ लिहा. नीट मिसळून प्रत्येक विद्यार्थ्याने ७ चिठ्ठ्या उचलाव्यात, ‘भू’ मोजून फळ्यावर नोंदवावे व चिठ्ठ्या परत टाकाव्यात. दोनशे नोंदी झाल्या की स्तंभालेख काढा. २ ते ४ ‘भू’ असलेल्या नोंदी दीडशेच्या आसपास येतील. किती आसपास, हा पुढच्या तासाचा विषय.

दुसरा प्रयोग स्वयंसेवकाच्या पेचाचा. आधी दोघादोघांचे, मग तिघातिघांचे आणि शेवटी सहासहांचे गट करा. प्रत्येकाकडे ४ गुण आहेत. प्रत्येकाने गुपचूप ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहावे. ‘हो’ लिहिणाऱ्याचा १ गुण जातो, पण गटात एकही ‘हो’ नसेल तर सर्वांचे चारही गुण जातात. गट मोठा होतो तसे एकही ‘हो’ नसलेल्या गटांचे प्रमाण वाढते का, हे मोजा. ते सूत्राशी जुळले नाही तर अधिकच चांगले. मुले खरोखर सूत्राप्रमाणे वागत नसतील, तर ती कशी वागतात याची विचारपूस करता येईल. नंतर त्याच गटांना आधी आपसांत बोलू द्या आणि प्रयोग पुन्हा करा. बोलण्याने किती फरक पडला ते आकड्यांत लिहून ठेवा. चौघांच्या खेळाला ज्या ज्ञानाची आज खरी गरज आहे, ते अशाच नोंदींतून तयार होईल.